कच्छच्या सखल किनाऱ्यावरील त्सुनामीची शक्यता

कोरी खाडीपासून कांडल्यापर्यंतचा कच्छचा (गुजरात) समुद्रकाठ, मांडवीकडची पुळण वगळता, चिखलवटीचा, तिवरांचा आणि खाड्यांनी चिरलेला आहे. उत्तरेचे मोठे रण समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. या भागात मोठी त्सुनामी विरळाच, पण ती अशक्य नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मतभेद आहेत ते जुन्या घटनांच्या अर्थाविषयी.

मुख्य धोका पाकिस्तान–इराणच्या मक्रान किनाऱ्याकडून संभवतो. तेथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे तेथे सुमारे ८·१ महत्तेचा (मॅग्निट्यूड) भूकंप झाला. त्सुनामीने पसनी व ओरमारा येथे मोठी हानी केली. मुंबईत सुमारे २ मी. लाट व १५ मृत्यू अशी नोंद आढळते. कच्छमध्ये मात्र ११–१२ मी. उंचीची लाट आल्याचा आकडा जुन्या त्सुनामींच्या अनेक सूचींत एकमेकींवरून उतरत आला आहे. तो स्वीकारणे अवघड आहे. इतक्या सपाट प्रदेशात एवढे पाणी चढले असते, तर मांडवी, मुंद्रा ही बंदरे उद्ध्वस्त होऊन दरबारी दप्तरात त्याचा ठळक पुरावा राहिला असता. एकूण मृतांचा ४,००० हा रूढ आकडाही अलीकडच्या संशोधनात बराच खाली आणला गेला आहे.

१६ जून १८१९ च्या भूकंपाबाबत वाद अधिक खोल आहे. त्या वेळी रणात ‘अल्लाह बंद’ नावाचा, सुमारे ८०–९० किमी. लांबीचा उंचवटा वर आला व त्याच्या दक्षिणेची जमीन खचली. कोरीच्या मुखातून समुद्राचे पाणी आत घुसले आणि सिंद्रीचा किल्ला बुडाला. उरलेल्या बुरुजावर चढून बसलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी होड्यांनी सोडवले. काही सूची याला त्सुनामी म्हणतात. खचलेल्या जमिनीत शिरून पाणी तेथेच सरोवर होऊन राहिले, हे पाहता ही भूपृष्ठ खचल्याने आलेली जलमग्नता मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १५२४ मध्ये दाभोळजवळ पोर्तुगीज ताफ्याला जाणवलेल्या समुद्रकंपाचे स्वरूपही अनिश्चित आहे. २००१ च्या भूज भूकंपाचे केंद्र जमिनीवर असल्याने त्सुनामी उद्‌भवली नाही.

लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो : ३,००० मी. खोलीवर ताशी सुमारे ६०० किमी., तर ५० मी. खोलीवर ८० किमी.च्या आसपास. कच्छसमोरची समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा पाण्याखालील भूभाग) रुंद व उथळ असल्याने लाट मंदावते आणि तळाशी घर्षणाने तिची काही ऊर्जा खर्च होते. याउलट निमुळत्या खाड्यांत पाणी कोंडून वर चढते. किनाऱ्यालगत चढ नसल्याने कमी उंचीचे पाणीही दूरवर आत पसरते. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक कांडल्यापाशी ६ मी.च्याही पुढे जातो. त्यामुळे तीच लाट ओहोटीत चिखलातच जिरेल, उधाणाच्या भरतीत मात्र मिठागरे व वस्त्या बुडवू शकेल. जून १९९८ च्या चक्रीवादळात कांडल्याला समुद्राच्या फुगवट्याने मोठी मनुष्यहानी झाली. वारंवारतेच्या दृष्टीने असे फुगवटेच येथील मोठे संकट होत.

मक्रानहून लाट येण्यास साधारण दोन-तीन तास लागावेत. हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ पासून कार्यरत आहे.