उन्हाळ्यात घडणारी हिवाळ्याची शर्यत

हिवाळी ऑलिंपिकच्या बातम्या आपल्याकडे चार वर्षांतून एकदा, दोन-अडीच आठवड्यांपुरत्या येतात आणि विरून जातात. त्यामुळे बर्फावरच्या खेळाडूंविषयी एक समज सहज रुजला आहे. बर्फ पडला की ही मंडळी खेळतात आणि बर्फ वितळला की सुट्टीवर जातात, असे आपण धरून चालतो. क्रॉस-कंट्री स्कीइंगचा, म्हणजे बर्फाळ चढउतारांवरून स्कीवर लांब पल्ला कापण्याच्या खेळाचा, विश्वचषक हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि मार्चमध्ये संपतो, हे खरे आहे. उरलेल्या आठ महिन्यांत विश्वचषकाची एकही शर्यत नसते, हेही खरे आहे. तरीही या खेळातल्या यशाचा मोठा भाग याच आठ महिन्यांत तयार होतो. त्याचे कारण स्नायूच्या पेशीत दडलेले आहे आणि ते इतके सुंदर आहे की सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

नॉर्वेची क्रॉस-कंट्री स्कीपटू मारित ब्योर्गेन हे या बाबतीतले सर्वांत चांगले उदाहरण म्हणता येईल, कारण तिने पदकांबरोबरच सरावाच्या काटेकोर नोंदवह्याही मागे ठेवल्या आहेत. २००२ ते २०१८ या काळातल्या पाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने ८ सुवर्णांसह १५ पदके मिळवली. २०१८ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी पदके दुसऱ्या कोणाच्याही नावावर नव्हती. गुरो सोल्ली, एस्पेन टोन्नेसेन आणि ओयविंद सांडबाक या संशोधकांनी तिच्या नोंदवह्यांचा अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिच्या सर्वाधिक यशस्वी पाच हंगामांत तिने वर्षाला सरासरी ९३७ तास सराव केला होता, म्हणजे आठवड्याला सरासरी १८ तास. त्यातला ९१ टक्के वेळ दमश्वासाच्या सरावाचा होता आणि त्यातलाही ९२ टक्क्यांहून अधिक भाग हलक्या तीव्रतेचा होता. खरोखर छाती फुटेल असा सराव पाच टक्क्यांपेक्षाही कमी, वर्षाकाठी सुमारे ४१ तास, भरतो. जगज्जेता खेळाडू रोज स्वतःला पिळून काढतो, ही आपली कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही.

नॉर्वेतल्या स्कीपटूंचे सराववर्ष मे महिन्यात सुरू होते. एप्रिलमध्ये थोडी विश्रांती मिळते आणि मग धावणे, सायकल, डोंगर-दलदलीतून तासन्‌तास चालणे आणि मुख्यतः रोलर-स्की असा क्रम लागतो. रोलर-स्की म्हणजे पायातल्या बुटाला अडकवायची एक अरुंद पट्टी, जिच्या पुढे एक आणि मागे एक चाक असते. पारंपरिक शैलीच्या रोलर-स्कीतले एक चाक फक्त पुढच्याच दिशेने फिरते, मागे फिरू पाहिले तर अडते. बर्फावर स्कीच्या मधल्या भागाला लावलेले मेण जशी पकड देते, तशी पकड डांबरी रस्त्यावर हे अडणारे चाक देते आणि त्यावर जोर देऊन खेळाडू स्वतःला पुढे ढकलतो. हातातल्या काठ्यांना डांबरात रुतणारी कार्बाइडची टोके असतात, ती बोथट होतात आणि पुन्हा पुन्हा घासून धारदार करावी लागतात. बहुतेक रोलर-स्कींना ब्रेक नसतो, म्हणून उतार निवडताना फार विचार करावा लागतो. चाकांवरचा हा उन्हाळा आपल्या देशालाही परका नाही. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा शिव केशवन १९९८ ते २०१८ या काळात सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूजच्या घसरगाडीवरून उतरला. भारतात ल्यूजचा ट्रॅकच नसल्यामुळे त्याने गाडीला चाके बसवली आणि हिमालयातल्या वाहत्या रस्त्यांवर सराव केला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बोलता बोलता करता येईल अशा संथ गतीने शेकडो तास घालवून शरीराला काय मिळते?

पेशीतल्या तंतुकणिका आपण शाळेत शिकलो आहोत. अन्नातली ऊर्जा प्राणवायूच्या साह्याने एटीपी या रेणूत साठवणारी ती केंद्रे आहेत. त्यांची संख्या आणि आकारमान कायमचे ठरलेले नसते. अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना बारा आठवडे, वाढवत वाढवत रोज दोन तासांपर्यंत, ट्रेडमिलवर पळवले आणि त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखवले. सरावाने हृदय आणि रक्तवाहिन्या बदलतात हे तोवर माहीत होते. स्नायूची पेशीसुद्धा आतून नव्याने बांधली जाते, हे या प्रयोगाने ठसवले.

ही बांधणी सुरू कशी होते, हा मला सर्वांत आवडणारा भाग आहे. मज्जातंतूकडून संदेश आला की स्नायूपेशीतल्या साठ्यातून कॅल्शियमचे आयन सुटतात आणि त्यांच्यामुळे स्नायू आकुंचन पावतो. पण तेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून काही विकरांना (एन्झाइमना) जागे करते आणि ही विकरे केंद्रकापर्यंत निरोप पोहोचवतात. म्हणजे प्रत्येक पावलागणिक पेशीत एक हालचाल होते आणि तिच्याबरोबर एक नोंदही होते. याशिवाय दुसरा मार्ग आहे. एटीपी खर्च होऊन एडीपी उरतो, दोन एडीपी मिळून एक एटीपी परत मिळतो आणि एक एएमपी शिल्लक राहतो. हा एएमपी वाढला की पेशीला ऊर्जेची चणचण जाणवते आणि एएमपीके नावाचे विकर कामाला लागते. कॅल्शियमचा मार्ग दीर्घकाळ चाललेल्या संथ हालचालीत विशेष महत्त्वाचा मानला जातो, तर एएमपीचा मार्ग तीव्र व्यायामात. दोन्ही मार्ग येऊन मिळतात ते पीजीसी-१ अल्फा या एका प्रथिनापाशी. या प्रथिनाचा शोध १९९८ मध्ये ब्रूस स्पिगेलमन यांच्या प्रयोगशाळेत लागला, तोही व्यायामाच्या नव्हे तर थंडीच्या अभ्यासात. गारठ्यात ठेवलेल्या उंदरांच्या तपकिरी चरबीत ते झपाट्याने वाढलेले आढळले होते.

पीजीसी-१ अल्फा स्वतः डीएनएला चिकटत नाही. जनुके चालू करणाऱ्या इतर प्रथिनांना ते बळ देते आणि एकाच वेळी शेकडो जनुकांचे वाचन वाढवते. असा मध्यवर्ती सूत्रधार हवाच, कारण तंतुकणिकेची घडण दोन ठिकाणच्या आराखड्यांवरून होते. तिच्या स्वतःच्या छोट्या डीएनएत ३७ जनुके असतात आणि त्यांपैकी फक्त १३ प्रथिनांची असतात. तिला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून तयार होऊन बाहेरून आत आणावी लागतात. श्वसनसाखळीतल्या, म्हणजे तंतुकणिकेत ऊर्जा मिळवून देणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतल्या, बहुतेक संकुलांत दोन्हीकडचे भाग ठरावीक प्रमाणात बसतात. म्हणून पीजीसी-१ अल्फाच्या प्रभावाने केंद्रकाकडून टीफॅम नावाचे एक प्रथिन तंतुकणिकेत पाठवले जाते, जे तिथल्या डीएनएच्या प्रती वाढवण्यास आणि त्याचे वाचन सुरू करण्यास मदत करते. दोन्ही बाजूंचे उत्पादन असे जुळवून घेतले जाते.

सरावाच्या वेळापत्रकाचे मर्म इथेच आहे. एका व्यायामानंतर या जनुकांचे वाचन काही तासांपुरतेच वाढते आणि दिवसभरात पूर्ववत होते. त्या काही तासांत थोडीशी नवी प्रथिने तयार होतात. पुढच्या व्यायामाने त्यात आणखी थोडी भर पडते. दुसऱ्या बाजूला तयार झालेली प्रथिने सतत मोडतही असतात आणि सराव थांबला तर साधारण आठवड्याभरात कमावलेल्या वाढीचा जवळजवळ अर्धा भाग निघून जातो. गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखे हे काम आहे. एकदाच मोठा हंडा ओतून भागत नाही, रोज भरत राहावे लागते आणि गळतीपेक्षा भर जास्त ठेवावी लागते. नोव्हेंबरच्या शर्यतीसाठी मे महिन्यात सुरुवात का करावी लागते, याचे हे पेशीच्या पातळीवरचे उत्तर आहे.

मग रोजच तीव्र सराव का करू नये, असे कोणी विचारील. स्टीफन सायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कसलेल्या खेळाडूंवर केलेल्या प्रयोगात याचे एक कारण सापडते. पहिल्या उंबरठ्याखालच्या, म्हणजे श्वास जोराने वाढू लागतो त्या तीव्रतेखालच्या, संथ सरावानंतर, तो दोन तासांचा असला तरी, हृदयगतीवर नियंत्रण ठेवणारी स्वायत्त मज्जासंस्था काही मिनिटांत पूर्वपदावर आली. उंबरठा ओलांडला की तिला कितीतरी जास्त वेळ लागला. संथ सराव दुसऱ्या दिवशी, किंबहुना त्याच संध्याकाळी, पुन्हा करता येतो. नेमके किती प्रमाण हलके आणि किती जड असावे याबद्दल शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत आणि एका खेळाडूच्या नोंदवहीवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी पावसाळ्यापासून पळणाऱ्या आणि प्रत्येक दिवशी स्वतःचाच विक्रम मोडू पाहणाऱ्या हौशी धावपटूंनी या आकड्यांकडे जरूर पाहावे.

बर्फावर या बांधणीचा उपयोग चढावर दिसतो. क्रॉस-कंट्रीच्या चढावर ऊर्जेची गरज शरीराच्या कमाल प्राणवायू-क्षमतेच्याही वर जाते आणि स्नायूंत साखरेच्या विघटनातून तयार होणारे लॅक्टेट साचू लागते. लॅक्टेट म्हणजे विषारी कचरा असून त्यामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखते, असे अजूनही व्यायामशाळांतून सांगितले जाते; ते चूक आहे. लॅक्टेट हे इंधन आहे आणि तंतुकणिकांनी भरलेले स्नायू व हृदय ते वापरून टाकतात. चढ संपून उतार लागला की ज्याच्या पेशींत ही केंद्रे अधिक, तो लवकर सावरतो आणि पुढच्या चढाला ताजा होऊन भिडतो. २५ फेब्रुवारी २०१८ रोजी प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या शेवटच्या शर्यतीत, ३० किलोमीटरमध्ये, ३७ वर्षांच्या ब्योर्गेनने पावणेदोन मिनिटांहून अधिक फरकाने सुवर्ण जिंकले. त्या फरकामागे अनेक उन्हाळ्यांची बांधणी होती.

तंतुकणिका वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या गोळ्या आणि सात मिनिटांत दमश्वास कमावून देणारे चित्रफितींतले उपाय आज सर्रास विकले जातात. वर सांगितलेली साखळी ज्याला समजली, त्याने अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. तितकाच घातक आहे तो कुंडलीतल्या योगावर किंवा ‘रक्तातच असावे लागते’ या वाक्यावर विसंबण्याचा प्रकार. आनुवंशिकतेचा वाटा असतो, यात शंका नाही. फिनलंडचा इरो मँटिरांता हा १९६० च्या दशकातला विजेता स्कीपटू, आणि त्याच्या घराण्यातल्या एका जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त तयार होत होत्या. परंतु असा वारसा हा अपवाद आहे, आणि रोज मोडणारी प्रथिने तोही रोज भरून देत नाही.

राहतो प्रश्न प्रेरणेचा. टाळ्या नाहीत, पदक नाही, छायाचित्रकार नाहीत, अशा आठ महिन्यांत माणूस रोज दोन वेळा बाहेर का पडतो? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना काही काळ त्यासाठी पैसे दिले गेले, ते पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळेत कोड्यांकडे कमी वळले. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार टिकाऊ प्रेरणेला तीन गोष्टी लागतात: निर्णय आपला असल्याची भावना, आपण सुधारत आहोत याची प्रचीती आणि सोबतच्या माणसांशी जवळीक. दूरच्या बक्षिसावर चालणारी इच्छाशक्ती जुलैच्या पावसात आटते, रोजच्या कामातून मिळणारे समाधान मात्र रोज मिळते. ब्योर्गेनचे वार्षिक तास विसाव्या वर्षी ५२२ होते आणि पस्तिसाव्या वर्षी ९४० झाले. पंधरा वर्षे चढत गेलेला हा आलेख पदकांच्या आशेने एकट्याने उभा राहिला असेल, असे मला वाटत नाही. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ पासून लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले आहेत. त्यांनुसार मूल ज्या वर्षी अकरा वर्षांचे होते त्यापूर्वी निकालांची क्रमवारी लावता येत नाही आणि ज्या वर्षी तेरा वर्षांचे होते त्यापूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरता येत नाही. दहावीपूर्वीच मुलांच्या गळ्यात पदके मोजणाऱ्या आपल्या पालकांनी आणि शाळांनी या नियमांचा गंभीरपणे अभ्यास करावा.

२०१५ च्या उन्हाळ्यात ब्योर्गेन गरोदर होती आणि येणारा हिवाळा तिच्यासाठी शर्यतींचा नव्हता. तरीही तिचा सराव चालू होता, तास हळूहळू कमी करत आणि बहुतेक हलक्या तीव्रतेने. त्या काळाच्या नोंदींचाही पुढे शास्त्रीय अभ्यास झाला. डिसेंबरमध्ये मुलगा झाला. त्यानंतरचा पहिला पूर्ण उन्हाळा सरावात घालवून ती २०१७ मध्ये फिनलंडमधल्या लाहतीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरली आणि तिने चार सुवर्णपदके जिंकली.