सरकारी श्रवणयंत्र हवंय? आधी कानाचा कागद नीट करा

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळतं, हे बहुतेकांना शिबिराच्या फलकावरून कळतं. मग आधारची झेरॉक्स घेऊन माणूस रांगेत उभा राहतो आणि ‘४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कुठंय?’ ऐकून घरी परततो. यंत्राचा अर्ज ही शेवटची पायरी. खरी धावपळ त्याआधीची.

सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करा. कानात मळ साचलाय किंवा कान वाहतोय, तर आधी त्यावर उपचार. प्रमाणपत्र कायमच्या बहिरेपणाचं असतं, मळाचं नाही. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. बारीकसा ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबायचं. हाती येणाऱ्या आलेखात, म्हणजे ऑडिओग्राममध्ये, लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी. आदल्या दिवशी डीजे, ढोलताशा टाळा. मोठ्या आवाजानंतर काही काळ कान मंदावतो आणि आकडा फसवा येतो. तान्ह्या मुलांना बटण कसं जमणार? त्यांची बेरा चाचणी होते; तीत आवाजाला मेंदू देत असलेला प्रतिसाद यंत्रच नोंदवतं. चाचणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक रिपोर्टवर आहे ना, बघून घ्या.

आता यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि कार्ड. स्वावलंबन कार्ड पोर्टलवर अर्ज भरायचा: आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो. जिल्हा रुग्णालय किंवा नेमून दिलेलं शासकीय रुग्णालय निवडायचं आणि तपासणीला मूळ कागदांसह जायचं. खासगी रिपोर्ट सोबत असला तरी तिथे चाचणी पुन्हा घेतली जाऊ शकते, त्यावर वाद घालू नका. आकडा संशयास्पद वाटला तर बेरा सांगतात, त्यामुळे ‘ऐकूच येत नाही’ असं सोंग फार टिकत नाही.

सगळ्यात जास्त हिरमोड होतो तो टक्क्यांवरून. चांगल्या कानाच्या बहिरेपणाच्या टक्क्यांना ५ ने गुणायचं, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि बेरजेला ६ ने भागायचं, असा नियम आहे. समजा एक कान ठार बहिरा, म्हणजे १०० टक्के, आणि दुसरा अगदी ठणठणीत, म्हणजे शून्य. उत्तर येतं जेमतेम १७ टक्के. एका कानाने त्रास कितीही असो, ४० ची रेषा गाठता येत नाही. फोनवर, वर्गात, रस्त्यावर अशा माणसाची होणारी ओढाताण या सूत्रात कुठेच बसत नाही, हे मला पटत नाही. पण नियम असा आहे, म्हणून घरीच हिशेब करून मगच खेपा घाला. ४० पासून पुढे पिवळं कार्ड, ८० पासून निळं, त्याखाली पांढरं.

कार्ड हातात आलं की एडिपचा अर्ज सोपा. महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर यंत्र मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. मूल किंवा अवलंबून व्यक्ती असेल तर पालकांचं उत्पन्न धरतात. यूडीआयडी, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि ऑडिओग्राम जोडा. मागच्या ३ वर्षांत याच कामाचं साधन सरकारकडून घेतलेलं नसावं. १२ वर्षांखालील मुलांना ही अट १ वर्षाची. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रं आणि अशी साधनं बनवणाऱ्या एलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं ही मुख्य ठिकाणं. यंत्र घेताना कानाच्या मापाचा साचा मिळेल का, ते नक्की विचारा. सैल बसलेलं यंत्र शिट्टी वाजवतं आणि आठवड्याभरात कपाटात जातं.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, हवं असेल तर उशीर परवडत नाही. एडिपमध्ये त्यासाठी ५ वर्षांची वयोमर्यादा आहे.

६५ वर्षांवरील आजी-आजोबांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलं तर साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये खात्यात येतात. तेवढ्यात चांगलं डिजिटल यंत्र येत नाही. म्हणून ४० टक्के बसत असतील तर आजोबांनाही एडिपच्याच रांगेत उभं करा.

गोंगाटाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांची वाट वेगळी. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कर्मचारी राज्य विमा कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, त्यामुळे विमाधारक कामगाराला एडिपखेरीज तिथेही दावा करता येतो. कामावर लागताना काढलेला ऑडिओग्राम असेल तर तो सांभाळून ठेवा.