ख्रिस्ती विद्यापीठ म्हणजे सेमिनरी नव्हे

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर चहा चालू असताना मंडळीतल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं. मुलगी बारावी झाली आहे, तिला बीबीए करायचंय, आणि कुणीतरी पुण्याच्या स्पायसर विद्यापीठाचं नाव सुचवलंय. काकूंच्या पोटात गोळा आला होता. "तिथे घातली तर ती पाळकीणच होऊन येईल ना गं?" त्याच आठवड्यात वसईच्या एका ओळखीच्या मुलाने अगदी उलटं विचारलं. नगर रोडच्या ज्ञानदीप विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश मिळेल का? नावातच विद्यापीठ आहे म्हटल्यावर कॉमर्स असणारच, असा त्याचा हिशेब.

दोघांची चूक एकाच जागी होती: ख्रिस्ती विद्यापीठ आणि सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू किंवा पाळक (चर्चचे पास्टर) घडवणारी संस्था, यांची गल्लत. आणि त्यात त्यांचा दोष नाही. पुण्यातल्या पाट्याच तशा आहेत. स्पायसरला वर्षानुवर्षं लोक कॉलेज म्हणत आले, आज ते राज्याच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ आहे. ज्ञानदीपला लोक विद्यापीठ म्हणत आले, पण तिथे शिकवतात ते तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र.

आधी स्पायसर. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी 1915 मध्ये कोइमतूरला एक प्रशिक्षण शाळा काढली. ती पुढे बंगळूरजवळ गेली आणि 1942 मध्ये पुण्यात आली. 2014 मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुन्या पुणेकरांना स्पायसर म्हटलं की तिथल्या बेकरीचा ब्राउन ब्रेड आठवतो. ती बेकरी केवळ विक्रीसाठी नव्हती. डोकं, मन आणि हात या तिन्हींना शिक्षण मिळालं पाहिजे, हा ॲडव्हेंटिस्ट शिक्षणाचा जुना आग्रह, त्यामुळे पुस्तकाइतकाच अंगमेहनतीलाही तिथे मान. व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र असे विषय तिथे आहेत आणि थिऑलॉजीही आहे. म्हणजे पाळक होणारा आणि बीबीए करणारी एकाच फाटकातून आत जातात, पण दोघांचे अभ्यासक्रम वेगळे.

ज्ञानदीप कॅथलिकांचं, त्याची मुळं श्रीलंकेत आहेत. पोप लिओ तेरावे यांनी 1893 मध्ये भारतातल्या धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी कँडीला पेपल सेमिनरी स्थापली, आणि 1955 मध्ये ते शिक्षण पुण्यात आलं. त्या पदव्यांमागे पोपचा अधिकार आहे. इथली मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. वर्ग भरतात ज्ञानदीपमध्ये, पण धर्मगुरू होणारे ब्रदर राहतात पेपल सेमिनरी, दे नोबिली कॉलेज अशा आपापल्या घरांत. त्यांची घडण, ज्याला ते फॉर्मेशन म्हणतात, या घरांत होते. वर्गात सिस्टर असतात, प्रापंचिक माणसंही असतात, आणि त्यांच्यापैकी कुणी धर्मगुरू होणार नसतं. प्रोटेस्टंट बाजूला बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती 1953 मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्यात आली.

मला विचाराल तर खरा फरक पाटीवर शोधू नका, गुणपत्रिकेत शोधा. सेमिनरीत सेवाकार्य हा शिक्षणाचाच भाग असतो. विद्यार्थी शनिवार-रविवारी मंडळ्यांत जातात, संदेश देतात, आजाऱ्यांना भेटतात, लहान मुलांची संडेस्कूल घेतात. त्याचा अहवाल द्यावा लागतो, त्याचं मूल्यमापन होतं. उत्तम हिब्रू येतं पण आजाऱ्याच्या खाटेशेजारी दहा मिनिटं बसवत नाही, अशा मुलाला दीक्षा द्यायची का, हा प्रश्न तिथले वडीलधारे विचारतात आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. अख्खी मंडळी उद्या त्याच्या हाती जाणार असते.

विद्यापीठातली कॅम्पस मिनिस्ट्री, म्हणजे आवारात चालणारं धार्मिक सेवाकार्य, मात्र गुणपत्रिकेबाहेर राहते, आणि तिने तिथेच राहावं असं मला मनापासून वाटतं. सकाळची प्रार्थना, वर्षातून होणारा प्रार्थना सप्ताह, हॉस्टेलमधले बायबल अभ्यास गट, वस्तीत जाऊन मुलांना शिकवणं, हे सगळं तिथे जोरात चालतं. काही ख्रिस्ती संस्थांत बायबलचा एखादा पेपर सगळ्यांनाच असतो. पण त्यात गुण मिळतात ते अभ्यासाला. विश्वासाला गुण देता येत नाहीत. आणि सक्तीबद्दल राज्यघटनेचं 28 वं कलम सांगतं: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची लागते.

म्हणजे ती मिनिस्ट्री दुय्यम ठरते का? मुळीच नाही. माझे वडील गेले तेव्हा मी एका ख्रिस्ती कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये शिकत होते. रात्री साडेदहाला निरोप आला. आमचे चॅप्लेन (कॉलेजचे पाळक) सर मफलर गुंडाळून आले, त्यांनी बायबल उघडलं नाही. आधी विचारलं, जेवलीस का? मग मेसमधून दोन पोळ्या कागदात बांधून आणल्या, मला स्कूटरवर स्टँडला नेलं, एसटीचं तिकीट काढून हातात ठेवलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आईला सांभाळ, पेपरचं मी बघतो." ती माझ्यासाठी कॅम्पस मिनिस्ट्री. कुठल्या अहवालात तिची नोंद झाली असेल असं वाटत नाही.

वर्षाच्या शेवटी ख्रिस्ती विद्यापीठाचा अहवाल येतो तेव्हा दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापल्या जातात: नवे अभ्यासक्रम, पीएच.डी. झालेले प्राध्यापक, ग्रंथालयात आलेली पुस्तकं, आणि लगेच पुढच्या पानावर प्रार्थना सप्ताह, वस्तीतलं काम, झालेले बाप्तिस्मे. वाचणाऱ्याने त्यांची बेरीज करू नये. बाप्तिस्मे वाढले म्हणून विज्ञानाचा विभाग सुधारत नाही, आणि नवी प्रयोगशाळा आली म्हणून हॉस्टेलमधल्या एकट्या पडलेल्या मुलीशी कुणी बोलायला जातं असं नाही. सेमिनरीच्या अहवालात मात्र ही बेरीज चालते, कारण तिथे दोन्हीची वाट एकाच माणसाकडे जाते.

एकाच आवारात सेमिनरीचं आणि विद्यापीठाचं शिक्षण कसं नांदू शकतं याचं सगळ्यात जुनं उदाहरण बंगालमधल्या श्रीरामपूरचं (अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर वेगळं). विल्यम कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी 1818 मध्ये तिथे कॉलेज काढलं. ज्या कॅरींनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेच हे. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून 1827 मध्ये डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी पदव्या देण्याची सनद दिली. 1918 च्या कायद्यानंतर थिऑलॉजीच्या पदव्यांचा कारभार तिथल्या सेनेटकडे, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाकडे, आला आणि आज देशभरातल्या कितीतरी सेमिनरींचे बी.डी. (थिऑलॉजीची पदवी) त्याच सेनेटचे असतात. त्याच आवारात कला आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांना मात्र पदवी मिळते कलकत्ता विद्यापीठाची. झाडं तीच, हुगळीचा काठ तोच, पण प्रमाणपत्रावरचा शिक्का वेगळा.

वसईच्या मुलाला मी सांगितलं, बी.कॉम.साठी दुसरीकडे अर्ज कर. धर्मगुरू व्हायची ओढ खरंच असेल तर आधी तुमच्या पॅरिशच्या फादरांशी बोल, त्या दाराची कडी तिथून उघडते.

काकूंना जरा जास्त वेळ लागला. त्यांना शब्बाथाचं समजावून सांगावं लागलं. ॲडव्हेंटिस्ट लोक शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात, त्या वेळात कामाला आणि अभ्यासाला सुट्टी असते. त्यांच्या एखाद्या मुलाने दुसरीकडे प्रवेश घेतला आणि पेपर शनिवारी आला, तर बिचाऱ्याची केवढी ओढाताण! आपलं वेळापत्रक आपल्या हाती असण्याचं मोल त्यांना म्हणूनच मोठं. आपली मुलगी रविवार पाळणाऱ्या घरातली, तेव्हा तिला तिथे आठवड्याची घडी बदललेली वाटेल, एवढंच.

मग काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि गीतपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. ऑफिसात विचारायचं: पदवीवर शिक्का कुणाचा? सकाळच्या प्रार्थनेला हजेरी सक्तीची आहे का? मुलीला घरची आठवण आली तर रात्री ती कुणाचं दार वाजवेल? तिसऱ्या प्रश्नाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.