पदवीपूर्ती दर (खानदेशाच्या संदर्भात)

एका वर्षी महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्यांपैकी ठरावीक मुदतीत किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, याचे शेकडा प्रमाण म्हणजे पदवीपूर्ती दर. निकालाची टक्केवारी ही याहून वेगळी गोष्ट आहे. निकाल परीक्षेला बसलेल्यांचा असतो, पदवीपूर्ती दर प्रवेश घेतलेल्या सगळ्यांचा. बातम्यांत आणि महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत मात्र पुष्कळदा निकालालाच पदवीपूर्ती दराचे मोल दिले जाते.

या मोजणीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक मत तो अमेरिकेतील १९९० च्या ‘विद्यार्थ्याचा जाणून घेण्याचा हक्क’ या कायद्यापाशी नेते. शिष्यवृत्त्या देऊन आणलेल्या खेळाडूंना विद्यापीठे पदवीपर्यंत नेतात का, हा त्या कायद्यामागचा एक मुख्य प्रश्न होता. पूर्वी व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेले सिनेटर बिल ब्रॅडली त्याच्या पुरस्कर्त्यांपैकी होते. दुसऱ्या मताप्रमाणे आपल्याकडील मोजणीचे मूळ याहून जुने आहे. सायमन आयोगाला साहाय्य करणाऱ्या हार्टोग समितीने १९२९ च्या अहवालात, शिक्षण पुरे होण्याआधी शाळा सोडणे आणि एकाच इयत्तेत अडकून राहणे या दोन गोष्टी प्रथमच ठळकपणे वेगळ्या केल्या. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ मुले होती, हा त्या अहवालातला आकडा पुढे वारंवार उद्‌धृत झाला. समितीचा मुख्य भर प्राथमिक शिक्षणावर असल्यामुळे तिला पदवीपूर्ती दराची जनक म्हणणे ताणून होईल. तरीही भारतातील आजच्या आकडेवारीचे नाते अमेरिकी कायद्यापेक्षा हार्टोग समितीच्या रीतीशी अधिक जवळचे दिसते.

ती रीत समजून घेतली पाहिजे. समितीने एकेका मुलाचा माग काढलेला नव्हता, दोन वर्षांच्या दोन इयत्तांची पटसंख्या शेजारी ठेवली होती. पहिलीतल्या १०० मध्ये आदल्या वर्षी तेथेच राहिलेली मुले होती. चौथीतल्या १८ मध्ये इतरत्रून आलेली मुले असू शकत होती. नापास होऊन तिसरीत बसलेला मुलगा या हिशेबात शाळा सोडलेल्यासारखाच धरला गेला. याला आभासी बॅचची पद्धत म्हणता येईल. खऱ्या बॅचच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थी प्रवेशापासून शेवटापर्यंत नावानिशी तपासावा लागतो.

अमेरिकी व्याख्या खऱ्या बॅचवर उभी आहे, पण तिचा छेद अरुंद आहे. प्रथमच प्रवेश घेणारे आणि पूर्णवेळ शिकणारे तेवढे तीत धरतात. अभ्यासक्रमाच्या नियत काळाच्या दीडपट मुदत दिली जाते, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षे. मृत्यू, कायमचे अपंगत्व, लष्करी सेवा किंवा धर्मप्रसाराचे कार्य यांमुळे सोडून गेलेले छेदातून वगळता येतात. दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन तेथे पदवी घेणारा मात्र पहिल्या महाविद्यालयाच्या खात्यात अपयशच ठरतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अर्धवेळ आणि बदली होऊन आलेल्या विद्यार्थ्यांची आठ वर्षांपर्यंतची स्वतंत्र नोंद पुढे २०१५-१६ पासून सुरू झाली.

भारतात एकच व्याख्या नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक, स्थापना १९९४) अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती, हे विचारते. २०१६ पासून जाहीर होणाऱ्या एनआयआरएफ या उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत अभियांत्रिकीसाठी नियत काळात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण मंजूर प्रवेशक्षमतेशी ताडले जाते. रिकाम्या राहिलेल्या जागासुद्धा त्यामुळे छेदात येतात. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ (एनबीए) पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना छेदात मिळवते आणि बॅकलॉगशिवाय, म्हणजे एकही विषय मागे न राहता, उत्तीर्ण झालेल्यांची गणना वेगळी करत आले आहे. २०१०-११ पासून होणारे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण दर वर्षाची पटसंख्या आणि दर वर्षी उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या देते, पण ती दोन वेगळ्या बॅचची असते. एका वर्षाच्या उत्तीर्णांना त्याच वर्षीच्या नव्या प्रवेशांनी भागले, तर प्रवेश वाढत असताना दर नाहक खाली दिसतो आणि घटत असताना वर.

फरक किती पडतो हे कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा १२० जागांच्या वर्गात १०० जणांनी एफ.वाय.ला प्रवेश घेतला. टी.वाय.ची परीक्षा ५४ जणांनी दिली आणि ४५ उत्तीर्ण झाले. त्या ४५ पैकी ५ जण एस.वाय.ला बाहेरून आलेले होते. परीक्षेच्या हिशेबाने निकाल ८३ टक्के. मंजूर जागांच्या हिशेबाने ३७.५ टक्के. मूळ बॅचच्या हिशेबाने ४० टक्के. त्याच बॅचमधील आणखी ६ जणांनी राहिलेले विषय पुढच्या दोन वर्षांत सोडवले तर ४६, आणि ७ जणांनी दुसरीकडे पदवी घेतली असेल तर ५३. वर्ग एकच आणि यांतला कोणताही आकडा खोटा नाही. म्हणून छेद न सांगता दिलेला दर प्रस्तुत नोंदकाराच्या मते वापरण्याजोगा नसतो.

मुदतीचा प्रश्न एटीकेटीशी जोडलेला आहे. ‘केटी लागली’ म्हणजे विद्यार्थी नापासही नाही आणि मोकळाही नाही. तो पुढच्या वर्गात बसतो आणि मागचा विषय सोबत ओढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत नियत काळावर दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला पाच. अमेरिकी दीडपटीचा नियम जसाच्या तसा लावला तर साडेचार वर्षे होतात आणि शेवटच्या सत्रात विषय सोडवणारा गणनेतून निसटतो.

खानदेशासाठी असा दर काढताना आधी खानदेश कोणता, हे ठरवावे लागते. १९०६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची नंदुरबारची आकडेवारी धुळ्याच्या पोटात आहे. विद्यापीठही दोनदा बदलले. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयासारखी १९४५ च्या सुमाराची महाविद्यालये आधी मुंबई, मग १९४९ पासून पुणे आणि १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे आली. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. या विद्यापीठाचा आकडा म्हणजे खानदेशाचा आकडा, असेही नाही. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, कृषी महाविद्यालय राहुरीशी आणि अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारे त्याहून निराळे.

दर कशाला अपयश म्हणतो, हे सातपुड्याच्या पायथ्याशी अधिक टोचते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. दिवाळीच्या पुढेमागे अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. पहिल्या सत्राची परीक्षाही साधारण त्याच सुमारास येते. घरच्यांबरोबर कोयता घेऊन निघालेला धडगावचा मुलगा आणि अभ्यास झेपला नाही म्हणून सोडून गेलेला मुलगा यांची नोंद रजिस्टरात एकच होते : गैरहजर. एस.वाय.ला असताना पोलीस भरतीत निवड झालेला तरुण ज्यासाठी शिकत होता ते त्याला मिळालेले असते, पण महाविद्यालयाच्या हिशेबात तो गळतीत जातो. लग्न होऊन सुरतेला गेलेली आणि तेथे दक्षिण गुजरात विद्यापीठाची पदवी घेतलेली मुलगी तर दोन राज्यांच्या दफ्तरांत विभागली जाते. तिचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) इकडे अपुरा राहतो, पदवी तिकडे मोजली जाते.

महाविद्यालयांची तुलना करताना विद्यार्थी कोठून आले हे धरावे की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. अमेरिकी शिक्षणसंशोधक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी दाखवले की संस्थांच्या दरांतील फरकाचा मोठा भाग प्रवेशाच्या वेळच्या विद्यार्थ्यांवरूनच सांगता येतो. म्हणून प्रत्यक्ष दर अपेक्षित दराशी ताडावा, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थीगळतीचे अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ च्या मांडणीत विद्यार्थ्याचे संस्थेशी जुळणे किंवा न जुळणे याला महत्त्व दिले. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांच्या प्रदेशाला ॲस्टिन यांची दृष्टी अधिक न्याय देते. मात्र तिचा अतिरेक झाला तर आदिवासीबहुल अक्कलकुव्याच्या महाविद्यालयाकडून कमी अपेक्षा ठेवणे नियमाचेच होऊन बसेल, हा आक्षेपही खरा आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट दिली. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. २०२१ च्या नियमांनी आलेल्या क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिटे (अभ्यासाचे गुणांक) जमा ठेवणाऱ्या खात्यात, ती कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. २०२४-२५ मध्ये प्रमाणपत्र घेऊन थांबलेली विद्यार्थिनी २०३१-३२ च्या सुमारापर्यंत परत येऊ शकते. त्याआधी त्या बॅचचा जो दर जाहीर होईल, त्यात ती अंशात नसेल, आणि छेदातून वगळायलाही कारण नसेल.