ना (एकाक्षरी शब्द)

ना हा एक व्यंजन आणि एक स्वर एवढ्यानेच झालेला शब्द जगातल्या अनेक भाषांत सापडतो. मराठीत तो नकार, आर्जव, दुजोरा आणि बोलण्यातला ठेका अशी निरनिराळी कामे करतो. कोंकणीत तो क्रियापद आहे, तेलुगूत ‘माझा’, तमिळमध्ये ‘जीभ’, थाई भाषेत ‘भातखाचर’, पोर्तुगीजमध्ये ‘च्या आत’ आणि स्वाहिलीत ‘आणि’. यांपैकी थोडे ना एकमेकांचे सख्खे आहेत, बाकीच्यांचे फक्त आडनाव जुळले आहे.

मराठीतील ना

मराठी माणसाला ना म्हणजे नकार, असे सांगितले तर पटते. पण दिवसभरातल्या बोलण्यातले ना मोजले तर नकाराचे ना फार थोडे निघतील. ‘अगं, मी ना काल मंडईत गेले ना, तर तिथे ना इतकी गर्दी!’ या एका वाक्यात तीन ना आहेत आणि नकार एकही नाही. पहिला ऐकणाऱ्याचे लक्ष खेचतो, दुसरा ‘हे तुला ठाऊक आहे’ असे गृहीत धरतो, तिसरा पुढच्या शब्दासाठी जागा धरून ठेवतो. लिखाणात संपादक हे तिन्ही ना आधी काढतात आणि वाक्य लगेच कोरडे पडते.

जेवणाच्या पंगतीत याची गंमत जवळून दिसते. वाढणारी म्हणते, ‘घ्या ना अजून एक पोळी!’ ताटावर आडवा हात धरत पाहुणा म्हणतो, ‘नको ना!’ आग्रहही ना-ने होतो आणि त्याला थोपवणेही ना-नेच. पाहुण्याच्या वाक्यात नकाराचे काम ‘नको’ने केलेले आहे, ना तिथे फक्त काकुळती आणतो. तो वगळून नुसते ‘नको’ म्हटले, तर वाढणारीचा चेहरा उतरण्याची शक्यता असते.

वाक्याच्या शेवटी प्रश्नाच्या सुरात आला की ना होकार मागतो: ‘येतोस ना?’ विचारणाऱ्याने उत्तर ठरवलेलेच असते, समोरच्याने फक्त शिक्का मारायचा. ‘हो ना!’ मध्ये तोच ना दुजोरा देतो. हा ना मूळ नकारातूनच आला असावा असे मानले जाते, म्हणजे ‘येतोस, नाही का?’ हे झिजत झिजत ‘येतोस ना?’ झाले. नकार विचारून होकार काढून घ्यायची ही रीत इतर भाषांतही आहे. पोर्तुगीजमधले ‘नाही का’ या अर्थाचे दोन शब्द ब्राझीलमध्ये झिजून नुसते ‘ने’ उरले आहेत. जपानी माणूसही वाक्याच्या शेवटी अगदी त्याच सुरात ‘ने’ म्हणतो. या दोन ने-चा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही.

क्रियापदाला चिकटून आला की ना खरोखर नकार देतो, पण साधा नाही. ‘झोप येत नाही’ ही माहिती झाली. ‘काही केल्या झोप येईना’ यात कूस बदलत घालवलेली रात्र आहे. ‘गाडी चालू होईना’, ‘पोरगं ऐकेना’, ‘कुलूप उघडेना’: या रूपात माणसाचा प्रयत्न आणि वस्तूचा हट्ट दोन्ही येतात. लिहिताना इथे जोडाक्षराइतकेच लक्ष जोडशब्दाकडे द्यावे लागते. ‘ये ना’ तोडून लिहिले की विनवणी, ‘येईना’ जोडून लिहिले की अडून बसणे. आणि त्यापुढे ‘का’ लावला की अर्थ पुन्हा फिरतो. ‘येईना का!’ म्हणजे खुशाल येऊ दे, माझे काय जाते. ‘असेना का’ हेही त्याच घरचे.

‘काही ना काही’, ‘कोणी ना कोणी’, ‘एक ना एक दिवस’ या जोड्यांमध्ये तर ना खात्री देतो. एक ना एक दिवस म्हणजे नक्की कोणता ते सांगता येत नाही, पण येणार हे ठरलेले. त्याच्या शेजारी ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ठेवून पाहावे: दोन्हींत ‘एक ना’ आहे, पहिल्यात मिळण्याचा भरवसा, दुसऱ्यात धड एकही हाती नाही. मराठी शिकणाऱ्या परभाषकाने इथे कपाळाला हात लावला तर त्याला दोष देता येत नाही.

ना नाम म्हणूनही वावरतो. ‘माझी काही ना नाही’ म्हणजे माझी हरकत नाही. दोन नकार, एक संमती. सतत नकार देणाऱ्याचा ‘नन्नाचा पाढा’ असतो.

नाराज, नाखूष, नापसंत, नामंजूर, नालायक, नाइलाज यांतला ना फारसीतून आलेला उपसर्ग आहे. मुसलमानी राजवटींच्या आणि पुढे मराठेशाहीच्या दफ्तरांतून तो मराठीत मुरला आणि आता परका वाटत नाही. सरकारी कचेरीतले ‘ना हरकत प्रमाणपत्र’ हे त्याचे आजचे सर्वांत गाजलेले रूप. ‘नापास’ हा शब्द तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्याचे डोके फारसी, धड इंग्रजी, आणि निकालाच्या दिवशी रडणारे पोर मराठी.

टिंब दिलेला ‘ना.’ निराळा. मंत्र्यांच्या नावापुढे तो ‘नामदार’, आणि आद्याक्षरांत नारायण, नामदेव किंवा नागोराव यांपैकी कोणीही.

जुन्या मराठीत ‘नातरी’ असे रूप आहे. अर्थ ‘नाही तर’, म्हणजेच ‘अथवा’. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ते पावलोपावली भेटते. एक उपमा देऊन झाली की ‘नातरी’ म्हणून दुसरी, मग तिसरी. नकाराचा शब्द तिथे उपमांची माळ ओवणारा दोरा होतो.

वेदातील ‘न’

नकार आणि उपमा यांची गाठ त्याहून बरीच जुनी आहे, फक्त ती वेगळ्या तऱ्हेने पडलेली आहे. ऋग्वेदात ऱ्हस्व ‘न’चे दोन अर्थ येतात: ‘नाही’ आणि ‘जसा’. एकच अक्षर, आणि मंत्राचा अर्थ उलटा होण्याइतका फरक. वेदातील शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचे कर्ते यास्क यांनी हा प्रश्न पहिल्याच अध्यायात घेतला आहे. त्यांचे म्हणणे असे की बोलीभाषेत न नकारार्थी असतो, वेदात मात्र दोन्ही अर्थांनी येतो. मग ओळखायचा कसा? जागेवरून. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी न आला तर नकार, ज्याची उपमा द्यायची त्याच्यानंतर आला तर ‘जसा’. पहिल्याचे उदाहरण ते ‘नेन्द्रं देवममंसत’ हे देतात: त्यांनी इंद्राला देव मानले नाही. दुसऱ्याचे ‘दुर्मदासो न सुरायाम्’: सुरा पिऊन माजलेल्यांसारखे.

ही कसोटी आजच्या मराठीलाही बऱ्यापैकी लागू पडते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘ना तो आला, ना त्याचा फोन’ इथे ना आधी, म्हणून नकार. ‘तो आला ना’ इथे ना नंतर, म्हणून दुजोरा. ‘येईना’सारखी रूपे मात्र या नियमाला जुमानत नाहीत.

दीर्घ ‘ना’ संस्कृतात स्वतंत्र शब्द म्हणूनही आहे. ‘नृ’ या शब्दाचे प्रथमेचे एकवचन ना, द्विवचन नरौ, बहुवचन नरः. म्हणजे ना याचा अर्थ माणूस. पाठ करताना मराठी मुलांना हे रूप अर्धवट छापल्यासारखे वाटते.

सख्खे शेजारी

मराठी, कोंकणी, गुजराती, बंगाली आणि फारसी यांतला नकारार्थी ना एकाच घराण्यातला आहे. इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ नकारापासून संस्कृतचा न, फारसीचा ना, रशियनचा ‘न्ये’ आणि इंग्रजीचा ‘नो’ निघाले. घराणे एक असले तरी बसायच्या जागा वेगवेगळ्या झाल्या, आणि घोटाळे तिथेच होतात.

कोंकणीत ना हे पूर्ण क्रियापद आहे. ‘घरांत कोण ना’ म्हणजे घरात कोणी नाही. अनेकवचनी ‘नात’ होते. ‘म्हाका खबर ना’ हे वाक्य मालवणच्या माणसाला लगेच कळते, पण पहिल्यांदाच गोव्यात गेलेला पुणेकर त्यात आर्जव शोधत पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहतो. पुढचा शब्द नसतोच. ना-ने वाक्य संपलेले असते. ‘हय’ आणि ‘ना’ ही तिथली हो-नाहीची जोडी.

गोव्यात 1510 पासून 1961 पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. पोर्तुगीजमध्ये ‘ना’ हे ‘च्या आत’ या अर्थाचे अव्यय आणि स्त्रीलिंगी उपपद यांचा जोड आहे. ‘ना प्राया’ म्हणजे किनाऱ्यावर, ‘ना इग्रेझा’ म्हणजे चर्चमध्ये. रोमी लिपीत कोंकणी लिहिली की दोन्ही ना हुबेहूब एकसारखे दिसतात: एक असल्याचे ठिकाण सांगतो, दुसरा नसल्याचे.

बंगालीत नकाराचा ना वाक्याच्या शेवटी येतो. ‘आमि जाबो ना’ म्हणजे मी जाणार नाही. मराठी कानाला ते ‘मी जाईन ना!’ असे लागते, म्हणजे नेमके उलटे. बंगाली लोकांनाही हा शब्द सरळ जाऊ देत नाही, कारण आर्जवाचा ना त्यांच्याकडेही आहे. ‘बोलो ना’ हे सुरावरून ‘सांग ना’ होते किंवा ‘सांगू नकोस’. लाडिक लांबवले की विनंती, तोडून म्हटले की मनाई.

गुजरातीने हा गोंधळ शहाणपणाने मिटवला आहे. नकाराला ‘ना’, आर्जवाला ‘ने’. ‘तमे आवशो ने?’ म्हणजे तुम्ही येणार ना? हिंदीत ना मराठीसारखाच दोन्हीकडे धावतो, शिवाय ‘आना’, ‘जाना’, ‘खाना’ अशा प्रत्येक क्रियापदाच्या शेपटीलाही असतो. तिथे तो ‘ण्याची क्रिया’ एवढेच सांगतो.

नाव एक, नाते नाही

द्राविडी भाषांतला ना नकाराशी संबंधित नाही. तेलुगूत ‘ना’ म्हणजे माझा, माझी, माझे. ‘ना पेरु’ म्हणजे माझे नाव. सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या शेजारच्या मराठी पोराला ‘ना पेरु’ ऐकताना पेरू नाकारला जातोय असे वाटले तर नवल नाही. कन्नड बोलण्यात ‘ना’ म्हणजे मी, ‘ना बर्तीनि’ म्हणजे मी येतो. तमिळमध्ये ना म्हणजे जीभ. रोजच्या बोलण्यात ‘नाक्कु’ म्हणतात, पण तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथाच्या 127व्या कुरळात, म्हणजे दोन ओळींच्या पद्यात, ‘ना काक्क’ असे येते: दुसरे काही सांभाळले नाही तरी जीभ सांभाळावी.

थाई भाषेत पाच सूर आहेत आणि सूर बदलला की शब्द बदलतो. सपाट सुरात ‘ना’ म्हणजे भातखाचर, उंच सुरात आईचे धाकटे भावंड, मग ती मावशी असो की मामा. उतरत्या सुरात चेहरा, चढत्या सुरात जाड. याखेरीज वाक्याच्या शेवटी एक आखूड ‘न’ येतो. ‘पाइ न’ म्हणजे ‘जाते हं’, ‘जाते ना’. बँकॉकच्या रिक्षात बसलेल्या मराठी प्रवाशाला भाषेतले काहीच कळत नसते, आणि मध्येच हा ओळखीचा सूर कानावर पडतो. चिनी भाषेतही सुराचाच खेळ: चढत्या सुरात ‘ना’ म्हणजे घेणे, खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात ‘कोणता’, उतरत्या सुरात ‘तो’. प्रश्न आणि त्याचे उत्तर यांत फक्त सुराचे अंतर.

जपानीत क्रियापदाच्या मूळ रूपाला ना लागला की सक्त मनाई होते. ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस. पण ‘इकि ना’ म्हणजे जा की. एका स्वराने आज्ञा उलटते. त्याच भाषेत ना म्हणजे नाव, आणि ना म्हणजे पालेभाजीही. कोरियनमध्ये ना म्हणजे मी.

युरोपात पोलिश आणि रशियनमध्ये ना म्हणजे ‘वर’. पोलिश ‘ना स्तोले’ म्हणजे टेबलावर. रशियन माणूस वस्तू पुढे करत नुसते ‘ना!’ म्हणतो तेव्हा अर्थ ‘हे घे’ असा असतो. मराठी माणूस अशा वेळी हात मागे घेईल. ग्रीकमध्ये ‘थेलो ना पाओ’ म्हणजे मला जायचे आहे, ना तिथे दोन क्रियापदांना जोडतो. ग्रीकांचा होकार ‘ने’ आहे, आणि सीमेपलीकडच्या बल्गेरियात ‘ने’ हा नकार. जर्मन मित्र भेटल्यावर नुसते ‘ना?’ विचारतो. म्हणजे काय, कसं काय?

पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ना म्हणजे आणि, सोबत. ‘चाइ ना माझिवा’ म्हणजे चहा आणि दूध. मराठी कानाला ऐकू येते ते ‘चहा, ना…’ आणि वाटते की चहा नको म्हणतोय.

इतक्या ठिकाणी एकच शब्द उगवण्याचे कारण साधे आहे. न हा ध्वनी जवळजवळ प्रत्येक भाषेत असतो, आ हा स्वर तोंड उघडताच निघतो. हवाई बेटांच्या भाषेत व्यंजने अवघी 8, पण त्यांत न आहेच, आणि ‘ना’ हे तिथले अनेकवचनाचे उपपद आहे. अशा सोप्या जोड्या मोजक्या असतात आणि रोज लागणारे शब्द आखूड होत जातात. मग गर्दी होणारच.

तबल्यातील ना

एका ठिकाणी ना-ला अर्थच नाही. तबल्याच्या बोलांत ना हा उजव्या हाताचा आघात आहे. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, मारायचे. नाद स्वच्छ, टणक निघतो. काही ठिकाणी याच आघाताला ‘ता’ही म्हणतात. शिकणाऱ्याचा हात सैल असला की ना दबतो, आणि गुरुजी तेवढाच एक बोल पुन्हा पुन्हा वाजवून घेतात. सहा मात्रांच्या दादरा या तालात तो दोनदा येतो, तिसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर: धा धी ना, धा ती ना.