हलकी बिअर आणि जळगावचा मे महिना

“भो, ही तं ओला पुठ्ठा चाटल्यासारखी लागते,” तीनपैकी मधला पेला खाली ठेवत मित्र म्हणाला. तिन्ही पेल्यांत एकच लाइट बिअर होती, एकाच खोक्यातली. दोन पेल्यांत फ्रिजमधली, एकात तीन आठवडे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पडून मग गार केलेली. चव तपासणारे याला त्रिकोण चाचणी म्हणतात: दोन पेले सारखे, एक वेगळा, तो वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा जमतं. मित्राने लागोपाठ तीन फेऱ्यांत ओळखला. तसं नशिबाने व्हायचं तर सत्तावीसांत एकदा.

पुठ्ठ्याची उपमा त्याच्या मनाची, पण अचूक. जवातल्या स्निग्धांशापासून ट्रान्स-2-नोनेनाल नावाचं संयुग बनतं, बिअर शिळी होत जाते तसं ते जाणवू लागतं, आणि त्याला कागदी पुठ्ठ्याचाच वास येतो. लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार कोटी भागांत एक भाग, एवढंही नाकाला पुरतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. फ्रिजचे 4 अंश आणि पत्र्याखालचे 44 यांच्यात अशा चार पायऱ्या आहेत, म्हणजे वेग सोळापट! जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा कधी कधी 45 ओलांडतो, तिथे दुकानामागच्या गोदामाचं काय सांगावं.

पण हे सगळ्याच बिअरचं. मग हलकीच का उघडी पडते? शेवभाजीच्या तर्रीत जुनं खोबरं खपून जातं, साध्या वरणाच्या फोडणीत खवट तेल पहिल्या घासाला कळतं, तसंच हे आहे. बिअरला अंग येतं ते डेक्स्ट्रिनमुळे. ही पिष्टाची अर्धवट तुटलेली साखळी. यीस्टला ती खाता येत नाही, म्हणून पेल्यात उरते. न्यूयॉर्कच्या राइनगोल्ड कंपनीतले रसायनतज्ज्ञ जोसेफ ओवेड्स यांनी एका विकराने ती साखळी तोडून यीस्टला खाऊ घातली, आणि 1967 मध्ये त्या कंपनीची ‘डाएट’ बिअर बाजारात आली. ती फारशी चालली नाही, पण आजच्या लाइट बिअरची वाट तिथूनच निघाली. डेक्स्ट्रिन गेलं, हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणाही बेताचा ठेवला, की दोष झाकायला काही उरत नाही.

हे दोष हुंगून कळतात. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला तर ते डायमिथाइल सल्फाइड. गंमत म्हणजे ते येतं जवाच्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातून, आणि त्या माल्टचा काढा नीट उकळला की बरंचसं उडून जातं. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर समजावं, बिअर पुरती पिकायच्या आत बाटलीत भरली. पांढऱ्या वा हिरव्या काचेची बाटली उन्हात राहिली तर प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि गंधकाचा उग्र दर्प येतो. इंग्रजीत त्याला स्कंक या प्राण्याचं नाव आहे. तो आपल्याकडे नाही, पण दर्प कळायला ओळख लागत नाही. तपकिरी काच या प्रकाशाला बरीचशी अडवते. आणि हे सगळं हुंगायचं तर बिअर बर्फगार नको, गारठ्यात वास वर येत नाही. फ्रिजमधून काढून थोडा वेळ थांबावं. आमच्याकडे पाच मिनिटंही पुष्कळ होतात.

शहादा-तळोद्याच्या पपईवाल्यांसाठी जाता जाता: गार झाल्यावर बिअर गढूळ होऊ नये म्हणून कच्च्या पपईच्या चिकातलं पपेन वापरायची युक्ती 1911 पासूनची आहे. गढूळपणा आणणारी प्रथिनं ते तोडतं. जास्त पडलं तर फेसही बसतो.

0.5 टक्का अल्कोहोलच्या, म्हणजे जवळजवळ बिनअल्कोहोलच्या बिअरचं दुखणं वेगळं. अल्कोहोल स्वतः किंचित गोड आणि ऊबदार लागतं, शिवाय वास धरून ठेवतं. ते काढून घेतलं की माल्टचा कच्चा, उकडलेल्या धान्यासारखा वास मोकळा सुटतो. म्हणून काही ठिकाणी माल्टोज ही माल्टमधली साखर न खाणारं यीस्ट वापरतात, काही ठिकाणी निर्वातात कमी तापमानावर अल्कोहोल उडवतात. दुसऱ्या रीतीत फळासारखे सुगंधही त्याच्याबरोबर निघून जातात. मला तरी यातली फार थोडी आवडली.

‘हलकी’ शब्दाने फसू नये, हिशेब सोपा आहे. 650 मिलीच्या 4 टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं, 8 टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये 41. माइल्डच्या दोन बाटल्या म्हणजे स्ट्राँगची एक.

त्या रात्री शेवटी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइट बिअर घेतल्या, दोन्ही ताज्या, दोन्ही सारख्या गार. पुन्हा तीन पेले, पुन्हा तीन फेऱ्या. पुठ्ठा ओळखणारा मित्र या वेळी तिन्हींत चुकला, आणि वर म्हणाला, पेलेच बदलले असतील.