दिवाण

मराठीत ‘दिवाण’ म्हणजे संस्थानचा मुख्य कारभारी, आणि बैठकीच्या खोलीतला, टेकण्याची पाठ नसलेला बसका पलंगही. ‘दिवाणजी’, ‘दिवाणी दावा’ आणि ‘दिवाणखाना’ हे शब्द त्याच घराण्यातले. आसनावरून कचेरीला नाव पडले, असा अनेकांचा समज असतो. इतिहासातला क्रम उलटा आहे : आधी लेखन, मग नोंदवही, मग ती वही सांभाळणारी कचेरी, आणि आसन सगळ्यांत शेवटी.

शब्द फार्सीतून आला. त्याचे मूळ प्राचीन फार्सीतील ‘दिपि’ (कोरीव लेख) या शब्दाशी जोडले जाते. ‘दिपि’ची परंपरा एलामी आणि अक्कादी भाषांमधून मागे जात सुमेरी ‘दुब’पर्यंत, म्हणजे मातीच्या लेखपाटीपर्यंत, पोहोचते. आपली ‘लिपी’ही या ‘दिपि’चीच नातलग असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला भक्कम आधारही आहे : वायव्येकडील शाहबाझगढी आणि मानसेहरा येथील अशोकाच्या शिलालेखांत ‘लिपि’च्या जागी ‘दिपि’ असेच रूप कोरलेले आहे. लिपी आणि दिवाण यांचे हे नाते या शब्दाच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

एक लोकव्युत्पत्तीही प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यांनी ती नोंदवली आहे. इराणचा बादशहा खुस्रो आपल्या कारकुनांकडे गेला, तेव्हा ते स्वतःशीच पुटपुटत हिशेब करत होते. ते पाहून तो उद्गारला, ‘दिवाने!’, म्हणजे वेडे. तेव्हापासून कचेरीला हे नाव पडले, असे ही गोष्ट सांगते. भाषाशास्त्र ती मान्य करत नाही. तोंडाने आकडे म्हणत बेरीज करणारा कारकून मात्र तीत हुबेहूब उतरला आहे.

इस्लामी राज्यव्यवस्थेत दिवाण सुरू करण्याचे श्रेय खलिफा उमर यांना दिले जाते. इ. स. 641च्या सुमारास वर्षासने मिळणाऱ्यांची जी यादी तयार झाली, ती दिवाण. पुढे महसूल, लष्कर, टपाल अशी प्रत्येक खात्याची दिवाणे झाली. इराकमधील दफ्तर सुरुवातीला फार्सीत आणि सीरियातील ग्रीकमध्ये होते; खलिफा अब्द अल-मलिक (कारकीर्द 685–705) यांच्या काळात ते अरबीत आणले गेले. कवीच्या एकत्रित रचनांनाही दिवाण म्हणतात. हाफिजचा दिवाण आणि 1841 मध्ये छापला गेलेला गालिबचा दिवाण ही त्याची उदाहरणे. इथे संग्रह हा जुना अर्थ टिकून आहे. बंदरातल्या कचेरीवरून इटालियनमध्ये ‘दोगाना’ आणि फ्रेंचमध्ये ‘दुआन’ हे जकातघराचे शब्द आले. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आलेला ‘आल्फांदेगा’ मात्र ‘फुंदुक’ या वेगळ्या अरबी शब्दापासून झाला आहे.

मोगल काळात सुभ्याचा दिवाण महसूल पाही, तर लष्कर व बंदोबस्त सुभेदाराकडे असे. म्हणूनच 12 ऑगस्ट 1765 रोजी शाह आलमने बंगाल, बिहार व ओरिसाची ‘दिवाणी’ ईस्ट इंडिया कंपनीला दिली, तेव्हा वसुलीचा हक्क कंपनीच्या हाती गेला. वसुलीबरोबर जमीन, कर्ज, वारसा यांचे तंटेही दिवाणाकडे येत. वॉरन हेस्टिंग्जने 1772 मध्ये दिवाणी आणि फौजदारी अदालती वेगळ्या केल्या. आजच्या आपल्या ‘दिवाणी न्यायालया’चे नाव या परंपरेतले आहे.

मराठेशाहीत दिवाण हा आठ दरकदारांपैकी (खात्यांवरच्या अधिकाऱ्यांपैकी) एक. मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस हे बाकीचे सात. यांतली बहुतेक नावे आज आडनावे म्हणून नांदत आहेत, दिवाणही. पुढे संस्थानांत हे पद मुख्यमंत्र्यासारखे झाले. बडोद्यात दादाभाई नौरोजी आणि त्यांच्यानंतर टी. माधवराव, म्हैसूरला एम. विश्वेश्वरय्या (1912–1918) हे नामांकित दिवाण.

वाड्यातला दिवाणखाना ही मालकाची लोकांना भेटण्याची, कामकाजाची आणि समारंभाची जागा. गादी, लोड, तक्के यांची बैठक तिथे असे. शनिवारवाड्यात नाचाचा दिवाणखाना होता. 1828च्या आगीत वाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या.

आसनाचा अर्थ तुर्कस्तानशी जोडलेला आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात उस्मानी सुलतानाचे मंत्रिमंडळ, म्हणजेच दिवाण, भरत असे. तिथे मंत्री भिंतीलगतच्या, गाद्या घातलेल्या लांब बाकांवर बसत. सभेचे नाव तिच्या दालनाला आणि मग त्या बाकांना मिळाले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय घरांत अशा आसनांची फॅशन आली. आपल्याकडच्या फर्निचरच्या दुकानांत मिळणारा दिवाण साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असतो. दिवसा त्यावर बसतात, रात्री झोपतात, आणि फळी उचलून खालच्या पेटीत जादा अंथरूण-पांघरूण ठेवतात.